अर्ध्या ग्लासाची बाजू

आपल्याकडे बिअर विकत घेताना दोनच प्रश्न विचारले जातात. स्ट्राँग की माइल्ड, आणि थंड आहे का. पहिल्याचं उत्तर बहुतेकदा स्ट्राँग असतं. दुसऱ्याचं उत्तर म्हणून दुकानदार फ्रीजच्या तळातून बाटली काढतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून जाळीतून पुढे सरकवतो. साडेसहाशे मिलिलिटर, आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. एकदा बूच उघडलं की ती संपवावीच लागते, कारण उरलेली अर्धी बिअर दुसऱ्या दिवशी कुणी पीत नाही. ही कुठं बनली, कधी बनली, हिचा वास कसा आहे, असं विचारणारं गिऱ्हाईक मी पुण्यातल्या एकाही वाइन शॉपसमोर पाहिलेलं नाही. विचारलंच तर दुकानदार त्याला आधीच चढली आहे असं समजेल.

माझं म्हणणं सरळ आहे. बिअर प्यायचीच असेल तर ती लहान ग्लासातून, लहान जागेत, शक्य तर उभ्यानं आणि चवीवरून वाद घालणारी एखादी मैत्रीण शेजारी असताना प्यावी. महाराष्ट्रात आपण हे जवळजवळ अशक्य करून ठेवलं आहे आणि ते बदलायला हवं.

मी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये नोकरी केली. वास घेणं, रंग बघणं, टक्के लिहून ठेवणं यात उमर गेली. त्यामुळे पुढचा मजकूर रसिकतेपेक्षा मोजमापाकडे झुकलेला वाटेल. सवय आहे, जात नाही.

तोक्योत कांदा नावाचं स्टेशन आहे. (त्यावरचे सगळे विनोद माझ्या माहेरच्यांनी आधीच करून झालेत.) रुळांखालच्या विटांच्या कमानींमध्ये आणि आसपासच्या गल्ल्यांत तिथं खाण्यापिण्याच्या शेकडो टपऱ्यावजा जागा आहेत. माझी बी.एस्सी.ची मैत्रीण मला तिथल्या एका उभ्याच्या बारमध्ये घेऊन गेली. ती मूळची वेंगुर्ल्याची. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी जपानला गेली, आता स्वतः खाद्यपदार्थांचे स्वाद तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. राहते निशी-कासाईला, म्हणजे एदोगावा प्रभागात. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस तिथल्या प्रभाग सभेवर निवडून आला होता, तोच भाग. तिथल्या दुकानात पोहे आणि गोडा मसाला मिळतो, पण संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती तोझाई लाइन पकडायच्या आधी कधी कधी कांदाला थांबते. एकटी. हे ती मला इतक्या सहज म्हणाली की मी तिला पुन्हा विचारलं, "एकटी?"

"अगं, उभं तर राहायचं असतं. एकटीनं बसलं की लोक बघतात. उभं राहिलं की कुणी बघत नाही."

जागा आपल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानाएवढी. छातीइतक्या उंचीची लाकडी फळी, फळीखाली पर्स अडकवायला हूक, भिंतीतून बाहेर आलेले नळ, खुर्ची एकही नाही. आठ-नऊ माणसं मावतील, दहावं आलं की सगळ्यांनी खांदा तिरका करायचा. फळ्यावर खडूनं बिअरचं नाव, ती कुठल्या प्रांतातली, कुठल्या प्रकारची, अल्कोहोल किती टक्के आणि दोन किमती: मोठ्या ग्लासाची आणि लहान ग्लासाची. लहान म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या आसपास. ग्लास समोर आला की पैसे छोट्या तबकात ठेवायचे, मालक ते उचलून सुटे परत ठेवतो. बिलाची वाट बघणं नाही आणि कुणी किती दिले याचा शेवटी हिशेब नाही. जपानातल्या बसायच्या इझाकायात न मागवलेली एक वाटी समोर येते आणि तिचे तीनचारशे येन बिलात लागतात. ते एका परीनं खुर्चीचं भाडं. उभ्याच्या बारमध्ये सहसा ते नसतं. खुर्चीच नाही तर भाडं कशाचं?

मी शाकाहारी. जपानात हे सांगितलं की समोरचा मनापासून दुःखी होतो. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम, पालकाच्या भाजीवर माशाचा कीस. शेवटी उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा आल्या, मीठ लावलेल्या. हुरड्याला बसल्यासारख्या सोलत खाल्ल्या.

मालकानं क्रम ठरवून दिला. हलकी आधी, मग मसाल्याची, मग कडू, काळी शेवटी. उलट केलं तर पहिली जिभेवर बसते आणि पुढच्या सगळ्या पाण्यासारख्या लागतात. आम्ही दोघींत मिळून एकेक लहान ग्लास घ्यायचं ठरवलं. एका ग्लासातून दोघींनी प्यायचं म्हणजे उष्टं, पण हॉस्टेलच्या खोलीत जे चाललं ते पंचावन्नाव्या वर्षी कशाला सोडायचं?

पहिला ग्लास यामानाशीच्या फुजिझाकुरा ब्रुअरीचा, फुजी डोंगराच्या पायथ्याच्या पाण्यावर केलेला वाइत्सेन. गव्हाची, गढूळ सोनेरी बिअर. नाकाशी नेला आणि दोघी एकदमच हसलो. पिकलेलं केळं! बी.एस्सी.ला एस्टर बनवायचं प्रॅक्टिकल असतं, त्यात आयसोअमाइल अॅसिटेट बनलं की अख्ख्या लॅबला केळ्याचा वास सुटायचा आणि शिपाई खिडक्या उघडायचा. तोच हा रेणू. बिअरमध्ये केळं कुणी घालत नाही. या जातीचं यीस्ट आंबताना तो स्वतः तयार करतं. मागून लवंगेची एक बारीक छटा येते, तीही यीस्टचीच करामत. ज्यांना क्राफ्ट बिअर म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की हे सगळं गहू, सातू, हॉप्सची कडू फुलं, पाणी आणि एका बुरशीच्या जोरावर झालेलं असतं.

दुसरा ग्लास मैत्रिणीचा. इवाते प्रांतात इचिनोसेकी इथं साकेची एक जुनी भट्टी आहे, तीच मंडळी इवाते कुरा नावानं बिअर करतात. त्यांची सान्शो घातलेली एल. सान्शो हे जपानी मसाल्याचं फळ, ईलच्या भातावर भुरभुरतात. तिनं एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून थांबली आणि म्हणाली, "तिरफळ!"

बरोबरच होतं तिचं. सान्शो आणि आपलं कोकणातलं तिरफळ एकाच वनस्पती-कुळातले, एकाच प्रजातिगटातले, झँथॉक्सिलम. जिभेवर मुंग्या आणणारी रसायनंही एकाच घराण्यातली. वेंगुर्ल्याच्या बांगड्याच्या आमटीतला झिणझिण्याचा भाग तिला इवातेच्या बिअरमध्ये सापडला. पंचवीसेक वर्षं त्या देशात सान्शो खाते आहे, पण आमटीतलं तिरफळ आठवायला तिला बिअर लागली. भातावरच्या मसाल्यात गोड सॉसचा आणि माशाचा गोंधळ असतो, असं तिचं स्पष्टीकरण. मला ते पटलं नाही. मला वाटतं, जेवताना आपण जेवत असतो, चव बघत नसतो.

तिसऱ्या ग्लासात माझी पाळी आली. सोराची एस नावाच्या हॉप्सचा सेझों. हलका, कोरडा, फेस भरपूर. लिंबू तर लगेच कळलं. त्याच्या मागं काहीतरी हिरवं, ओळखीचं आणि मुळीच न आवडणारं. दोन घोट गेले, तिसऱ्याला नाव सापडलं.

"शेपू!"

"शी! शेपू काय?" ती म्हणाली. मग तिनं ग्लास घेतला, वास घेतला आणि गप्प बसली. हॉस्टेलच्या मेसमध्ये शेपूच्या भाजीच्या दिवशी आम्ही दोघी बाहेर वडापाव खायला जायचो. मालकाला शेपू समजावण्यात पाच मिनिटं गेली. शेवटी मोबाइलवर चित्र दाखवलं तेव्हा त्यानं जोरात मान हलवली. परदेशी गिऱ्हाइकंही हेच सांगतात म्हणे.

या हॉप्सची गोष्ट सांगण्याजोगी आहे. सापोरो कंपनीच्या संशोधकांनी होक्काइदोत १९८४ साली ही जात तयार केली. घरी तिला कुणी विचारलं नाही. जपानी बिअर त्या काळी निर्मळ, हलकी, एका साच्याची हवी होती. शेपू-लिंबाचा वास तिथं कुणाला हवा होता? मग ही जात अमेरिकेत गेली, तिथल्या लहान ब्रुअरींच्या हाती लागली आणि २००६ नंतर तिथं बाजारात येऊन नावाजली गेली. एवढं झाल्यावर २०१९ साली सापोरोनं स्वतः त्याच हॉप्सची, सोराची १९८४ अशा नावाची बिअर देशात काढली. घरच्या गुणी पोराला आधी परदेशात नाव काढावं लागतं, हे आपल्याला नवं नाही.

चौथा ग्लास काळा, ऑयस्टर स्टाउट, इवाते कुराचाच. त्यात खरोखर कालवं असतात. मी नाही म्हटलं, ती एकटीनं प्याली आणि मला हिणवायला म्हणून जरा जास्तच तारीफ केली.

आता मोजमाप. दोघींत चार लहान ग्लास, त्यातला चौथा माझा नाही. माझ्या वाट्याला तीनशे मिलिलिटरच्या आसपास द्रव, सरासरी साडेपाच टक्के धरला तर तेरा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपली एक स्ट्राँग बाटली आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात एक्केचाळीस ग्रॅम भरतं. जपानच्या आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदाच पिण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात जीवनशैलीच्या आजारांचा धोका वाढवणारी दिवसाची पातळी पुरुषांसाठी ४० ग्रॅम आणि स्त्रियांसाठी २० ग्रॅम दिली आहे. म्हणजे एका माणसानं एक स्ट्राँग बाटली एकट्यानं संपवली की त्याची दिवसाची रेघ तिथंच ओलांडली, आणि त्याला वाटत असतं की आपण 'फक्त एक बिअर' घेतली. जागतिक आरोग्य संघटना तर जानेवारी २०२३ पासून सांगते आहे की सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. मी रसायनशास्त्राची आहे, हे नाकारणार नाही. पिऊच नये हा सल्ला बिनतोड आहे. पण जे पिणार आहेत त्यांना तेरा ग्रॅममध्ये तीन चवी मिळू शकतात की एक्केचाळीस ग्रॅममध्ये एकही नाही, हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

लहान ग्लासाचं आणखी एक कारण आहे, नाकाचं. कुठल्याही वासाला नाक काही मिनिटांत सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. लॅबमध्ये एकाच नमुन्याचा वास सतत घेत बसलं की नमुना बिघडला आहे की नाही हेच कळेनासं होतं. बिअरचंही तेच. पहिल्या चार-पाच घोटांत जे सांगायचं ते ती सांगून टाकते. पुढचे पाचशे मिलिलिटर आपण चवीसाठी पीत नाही, कशासाठी पितो ते ज्याचं त्याला माहीत. मुंबईनं चहाच्या बाबतीत हे कधीच ओळखलं आणि कटिंग काढली. बिअरची कटिंग काढायला आपल्याला कुणी अडवलं आहे?

अडवलं आहे काही अंशी कायद्यानं. म्हणून जपानचा कायदा थोडा सांगते. १९९४ पर्यंत तिथं बिअरचा परवाना हवा तर वर्षाला किमान वीस लाख लिटर बिअर काढायची अट होती. म्हणजे आसाही, किरिन, सापोरो, सन्तोरी आणि ओकिनावातली ओरियन सोडली तर कुणाला शिरकावच नाही. त्या वर्षी ही अट साठ हजार लिटरवर आणली. पुढच्याच वर्षी निइगातात एचिगो बिअर उघडली आणि देशभर गावोगावच्या बिअर सुरू झाल्या. साके गाळणारी १८२३ पासूनची किउचीची भट्टी १९९६ पासून हिताचिनो नेस्ट काढू लागली. इसेला १५७५ पासून तांदळाच्या मिठाईचं दुकान चालवणाऱ्या घराण्यानं १९९७ मध्ये बिअर सुरू केली, इसे काडोया. त्यातल्या सुरुवातीच्या पुष्कळ बिअर वाईट होत्या, असं मैत्रीण सांगते. सहलीला गेल्यावर आठवण म्हणून घ्यायच्या आणि घरी येऊन ओतून द्यायच्या अशा. बऱ्याच भट्ट्या बुडाल्या. ज्या टिकल्या त्या शिकल्या.

पण जपानी कायदाही काही देवाचा नाही. तिथं बिअरवरचा कर माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, प्रमाणावर होता. मग मोठ्या कंपन्यांनी कर चुकवायला कमी माल्टची 'हाप्पोशू' काढली, सरकारनं तिच्यावर कर वाढवला, तर त्यांनी माल्टच नसलेली तिसरी बिअर काढली. हुशार शास्त्रज्ञांची वर्षं बिअर नसलेली बिअर बनवण्यात गेली. दुसऱ्या बाजूला गंमत अशी, की आमच्या तिरफळाच्या आणि कालवांच्या बिअरला २०१८ पर्यंत कायद्यानं बिअर म्हणताच येत नव्हतं. त्या वर्षी माल्टची अट ६७ टक्क्यांवरून ५० वर आली आणि फळं, मसाले, चहा, कालवं, एवढंच काय माशाचा कीससुद्धा ठरावीक प्रमाणात घालायची मुभा मिळाली. आता या सगळ्या प्रकारांवरचा कर टप्प्याटप्प्यानं एकसारखा करायचं ठरलं असून शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२६ चा आहे: साडेतीनशे मिलिलिटरला ५४.२५ येन. करानं चव घडते आणि करानंच ती बिघडते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आपल्याकडे काय आहे? चवीचं म्हणाल तर पुष्कळ. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. त्यानंतर इंडिपेन्डन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एल वर्क्स. मधापासून मीड बनवणारी मूनशाइनही पुण्याचीच. या लोकांनी मेहनत घेतली आहे, आणि त्यांतल्या काहींची बिअर मी कांदाच्या फळीवर निःसंकोच मांडेन. लहान नमुन्याचे ग्लासही काही ठिकाणी देतात, हे खरं.

अडचण जागेची आहे. आपली मायक्रोब्रुअरी म्हणजे मॉलचा मजला नाहीतर मुंढवा-बालेवाडीकडचं मोठं आवार, शंभर-दोनशे खुर्च्या, मोठ्यानं संगीत, आणि चारशेच्या पुढचा ग्लास. परवान्याचं शुल्क, भाडं आणि कर मिळून मालकाला एवढ्या खुर्च्या भराव्याच लागतात. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढलं, बिअर-वाइनला त्यातून वगळलं. जुलैत बारमालकांनी एक दिवस बंद पाळला. बिअरचा कर कमी करावा का हे बघायला २०२३ मध्ये एक समिती नेमली होती. या साऱ्या चर्चेत महसूल किती येईल हा प्रश्न शंभर वेळा आला. लोक काय पितात आणि कसं पितात, हा प्रश्न एकदाही आलेला माझ्या वाचनात नाही.

पुण्यातल्याच अशा एका मोठ्या जागी मी आणि माझी भाची गेलो होतो. पहिला प्रश्न, "मॅम, कितने लोग?" दोन म्हटल्यावर आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. आलेल्या बिअरला लोण्याचा वास होता. तो डायअॅसिटिलचा. आंबवणं पुरं व्हायच्या आत बिअर घाईनं थंड केली की तो मागं राहतो. यीस्टला आणखी दोनतीन दिवस जरा उबेत राहू दिलं तर ते स्वतःच तो गिळून टाकतं. मी वेटरला हे सांगितलं. तो गोड हसून म्हणाला, "मॅम, इट्स क्राफ्ट." दोनशे खुर्च्यांच्या जागेत बिअर ओतणाऱ्याला ती कुणी बनवली हे माहीत नसतं आणि बनवणाऱ्याला ती कुणी परत केली हे कळत नाही. कांदाच्या मालकानं माझ्या शेपूसाठी पाच मिनिटं दिली, कारण त्याच्यासमोर आठच माणसं होती.

इथं कुणीतरी म्हणेल, उभ्याचा बार हवा तर देशी दारूच्या दुकानात जा, तिथंही माणसं उभीच असतात. अगदी खरं. मीठ, चणे, एक क्वार्टर, उभ्या उभ्या, आणि बाहेर. गोव्यात खेडोपाडीच्या लहान तावेर्नांतही फळीला टेकून उभी माणसं दिसतात, ती मात्र गप्पा मारत असतात. म्हणून केवळ उभं राहण्यात काही पुण्य नाही. जपानचंही फार कौतुक नको: तिथं दोन तास हवं तेवढं प्या अशा योजना आहेत, आणि शेवटच्या गाडीच्या वेळेला प्लॅटफॉर्मवर सूट-टाय घातलेले पुरुष आडवे पडलेले मी पाहिले आहेत. मी सांगते आहे तो उभ्याचा बार ग्लास लहान, फळ्यावर टक्के लिहिलेले आणि मालक बोलणारा, अशा तिन्ही गोष्टी असल्या तरच उपयोगाचा. यातलं एक जरी काढलं तर तो गुत्ता होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बायकांकडून येतो. ज्या महाराष्ट्रात गावोगाव बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं, त्यांच्यासमोर बिअरच्या चवीचं काय बोलतेस? उभी बाटली की आडवी बाटली असं मत टाकायचं असेल आणि दुकान कुठल्याही वस्तीतलं असेल, तर मी आडव्या बाटलीलाच, म्हणजे दुकान बंद करायलाच, मत देईन. तिथं मत टाकणाऱ्या बाईच्या घरात जे चालतं त्याला चवीशी देणंघेणं नसतं. मजुरी आणि नशा एवढाच तो व्यवहार. पण तीच बाई मला विचारेल की नशेच्या हिशेबानं आठ टक्के स्वस्त आणि चार टक्के महाग असा बाजार कुणी मांडला, तर त्याचं उत्तर सरकारला द्यावं लागेल. ब्रिटननं ऑगस्ट २०२३ पासून सगळ्याच मद्यांवरचा कर त्यांतल्या अल्कोहोलच्या प्रमाणाशी जोडला, आणि साडेतीन टक्क्यांच्या आतल्या बिअरना सवलत दिली. नशा जितकी, कर तितका. हा नियम आपल्याकडे आला तर तो सगळ्यात आधी त्या बाईच्या फायद्याचा आहे.

आणि बायकांनी पिण्याचं म्हणाल, तर तोक्योत याचा इतिहास बराच जुना आहे. आजच्या कांदाच्या जवळच, कामाकुरा-गाशी नावाच्या धक्क्यावर तोशिमाया नावाचं दुकान १५९६ साली निघालं. साके मोजून द्यायची, सोबत मिसो लावून भाजलेलं टोफू, आणि गिऱ्हाइकांनी तिथंच प्यायचं. इझाकायाचं मूळ तिथलं मानतात. दरवर्षी मुलींच्या बाहुल्यांच्या सणाआधी तिथं, बायका पीत त्या गोड पांढऱ्या साकेसाठी अशी झुंबड उडायची की एदो काळच्या सचित्र पुस्तकात त्या गर्दीचं चित्र आहे. ते दुकान अजून आहे. २०२० मध्ये त्यांनी कांदाला पुन्हा उभ्याचा बार उघडला.

आपल्याकडे दारू प्यायला अजूनही कायद्यानं परमिट लागतं, १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं. आयुष्यभराचं हजार रुपयांना मिळतं. प्रकृती टिकवण्यासाठी मद्य आवश्यक आहे अशी त्या कागदाची भाषा. एकवीस वर्षांनंतर बिअर, पंचविसानंतर कडक मद्य. एवढा बारकावा ज्या कायद्यात आहे त्यात लहान जागेसाठी लहान शुल्काचा एक परवाना बसवणं अशक्य नाही. जिथं बिअर बनत नाही, फक्त आसपासच्या मायक्रोब्रुअरींचे चार-सहा नळ आहेत, खुर्च्या नाहीत, दहा वाजता बंद होते, अशी जागा. शिक्षाही सोबत कडक हवी. जपानात २००७ पासून पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर त्याला गाडी देणारा, दारू देणारा आणि शेजारी बसणारा असे सगळे गुन्हेगार ठरतात. म्हणून बार स्टेशनपाशी. पुण्यात मेट्रो आली आहे, मुंबईत लोकल आहेच.

सरकारचं सरकार बघेल. मायक्रोब्रुअरीच्या मालकांना मात्र माझं आत्ताच सांगणं आहे. फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे टक्के आणि बनवल्याची तारीख लिहा. दोनशे मिलिलिटरचा ग्लास रोजच्या यादीत ठेवा, त्याची किंमत मोठ्या ग्लासाच्या हिशेबातच लावा, जास्त नको. दाराजवळची चार टेबलं काढून तिथं एक फळी ठोका आणि फळीखाली पर्सला हूक लावा. फळीमागं बिअर बनवणाऱ्याला आठवड्यातून एक संध्याकाळ उभा करा. यातल्या एकाही गोष्टीसाठी कर बदलायची वाट बघावी लागत नाही.